सामान्य पूर्वजाचा कुलवृत्तान्त

१

आपल्या पूर्वजांविषयी जिज्ञासा वाटणे हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. परंतु ही जिज्ञासा बहुधा थोर पूर्वजांपुरतीच मर्यादित राहते. घराण्यात कोणी सुभेदार, कोणी शास्त्री, कोणी इनामदार होऊन गेला असेल, तर त्याचे नाव सात पिढ्या टिकते. उलट ज्याने आयुष्यभर नांगर धरला, गाड्या हाकल्या, कर्ज काढले आणि ते फेडता फेडता डोळे मिटले, त्याचे नाव त्याच्या नातवालाही धड सांगता येत नाही. आपण संख्येने पाहिले तर या दुसऱ्या प्रकारच्या पूर्वजांचेच वंशज आहोत. मात्र वंशेतिहास लिहावयास बसलो की पहिल्या प्रकारचा पूर्वज शोधू लागतो. सामान्य पूर्वजाचे चरित्र लिहिता येते काय, आणि त्या कामी आडनाव हा पुरावा कितपत भरवशाचा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार आदिलाबाद जिल्ह्याच्या आधाराने करण्याचे कारण केवळ लेखकाचे वास्तव्य हे नव्हे. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील या मुलखात मराठी, तेलुगु, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एका बाजारात बोलल्या गेल्या आहेत. निजामाच्या राज्यातील हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेशात गेला. त्याच वेळी त्याचे किनवट व राजुरा हे तालुके तोडून मुंबई राज्याला जोडण्यात आले. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार भाग पडले. माणसे जागच्या जागी राहिली. त्यांची नावे लिहिणारी लेखणी मात्र वारंवार बदलली. आडनावाचे स्वरूप पारखण्यास याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

२

प्रथम मराठीतील कुलवृत्तान्तांकडे पाहू. विसाव्या शतकात या वाङ्मयप्रकाराची विलक्षण वाढ झाली. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मूळपुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या शाखा, वंशवृक्षाचे घडीचे कागद आणि शेवटी कर्त्या पुरुषांची अल्पचरित्रे, असा त्याचा साचा ठरून गेला. या ग्रंथांमागे जे परिश्रम आहेत त्यांची थट्टा करणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. घरोघर पत्रे पाठवून, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळून, जीर्ण कागद उतरून घेऊन निःस्वार्थी संपादकांनी ही कामे केली. त्यांच्याअभावी पुष्कळशी माहिती वाळवीच्या पोटात गेली असती.

तथापि साहित्य म्हणून या ग्रंथांचे परीक्षण करू लागलो की तीन उणिवा ठळकपणे नजरेस येतात. पहिली अशी की, त्यांत माणसे जन्मतात आणि मरतात, पण जगत नाहीत. मूळपुरुष कोकणातून देशावर आला एवढे समजते. तो का आला, वाटेत काय खाल्ले, कोणाकडे राबला, हे समजत नाही. दुसरी उणीव अशी की, त्यांत स्त्रिया अमुकाची पत्नी म्हणून येतात आणि तमुकाची माता म्हणून जातात. वास्तविक प्रत्येकाला आठ पणजोबा-पणज्या असतात. आडनाव त्यांपैकी एकाच्याच मागोमाग जाते. सात जणांना वगळून जो इतिहास लिहिला जातो, त्यास कुलाचा वृत्तान्त म्हणावे काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे. तिसरी उणीव म्हणजे आडनावावरील अतिविश्वास. एक आडनाव म्हणजे एक रक्त, असे गृहीत धरूनच या ग्रंथांची उभारणी होते.

हे गृहीत किती डळमळीत आहे, हे मराठी आडनावांकडे पाहताच लक्षात यावे. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील ही पदे होत. ती ज्याच्या हाती आली त्याला चिकटली. सुतार, लोहार, कासार हे व्यवसाय होत. 'कर' लागलेली आडनावे गावावरून पडली. यांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गावात राहणाऱ्या माणसाला त्या गावाचे आडनाव पडण्याचे कारण नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे! पैठणचा मनुष्य पैठणकर होतो तो पैठण सोडल्यावर. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव ही वस्तुतः सोडलेल्या गावाची आठवण असते आणि ती आठवण ठेवणारे पुष्कळदा नव्या गावचे लोक असतात. खुद्द तुकोबांच्या घराण्याचे आडनाव आंबिले आणि कूळ मोरे, अशी दुहेरी नोंद परंपरेने सांगितली जाते. सतराव्या शतकात आडनाव ही आजच्यासारखी एकेरी, पक्की, कागदावर बांधलेली वस्तू नव्हती, हे यावरून दिसते.

३

आमच्या भागात 'वार'ने संपणारी आडनावे फार. मामिडवार, चिंतलवार, कोत्तावार, येरावार, कोंडावार, गड्डमवार, निर्मलवार, चेन्नूरवार, मेटपल्लीवार अशी कितीतरी नावे आदिलाबादपासून यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडपर्यंत आढळतात. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले (१९६२-६३) चंद्रपूरचे मा. सां. कन्नमवार यांचे आडनाव याच घाटाचे. पुण्यामुंबईच्या वाचकाला ही नावे निव्वळ वैदर्भी वाटतात. परंतु तेलुगु जाणणाऱ्याला ती उघड्या पुस्तकासारखी आहेत.

तेलुगु समाजात प्रत्येक घराला 'इंटिपेरू' म्हणजे घराचे नाव असते व ते व्यक्तिनामाच्या आधी उच्चारले जाते. त्या नावापुढे 'वारु' हा आदरार्थी बहुवचनी शब्द लावला की 'त्या घरची मंडळी' असा अर्थ होतो. मराठी मुलखात आल्यावर अंत्य उकार गळाला, 'वारु'चे 'वार' झाले आणि घराचे नाव व्यक्तीच्या पुढून उठून मागे जाऊन बसले. मामिडी म्हणजे आंबा, चिंत म्हणजे चिंच, कोत्त म्हणजे नवा, एर्र म्हणजे लाल, कोंड म्हणजे डोंगर, गड्डम म्हणजे दाढी किंवा हनुवटी. निर्मल, चेन्नूर, मेटपल्ली ही तर गोदाखोऱ्यातील गावेच. दारी आंब्याचे झाड असलेले, डोंगराकडचे, दाढीवाले, नव्याने आलेले, अशा किती साध्या खुणांनी माणसे ओळखली गेली! यांत राजा नाही, ऋषी नाही, लढाई नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलेली हाक आहे.

नेमके हेच साधेपण आपल्याला पचत नाही. व्युत्पत्तिशास्त्राच्या क्षेत्रात इतिहासाचार्य राजवाडे यांचे उपकार मोठे आहेत. १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' नसती, तर आपण अद्याप बखरींवरच विसंबलो असतो. त्यांच्या पश्चात १९४२ साली निघालेला 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' पाहिला म्हणजे एका माणसाने शब्दांचा केवढा संसार उचलला होता याचे आश्चर्य वाटते. परंतु मराठी नाम दिसले की त्याचे मूळ संस्कृतात शोधावयाचे, ही जी वृत्ती राजवाड्यांच्या प्रतिभेबरोबर आपल्या अभ्यासात शिरली, तिने सीमाभागातील नावांची पुष्कळ दिशाभूल केली. 'येरावार' हे 'ऐरावत'वरून आले, असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला एकदा मोठ्या श्रद्धेने सांगितले होते. लाल मातीत वा लाल गाईंमध्ये नावाचे मूळ असावे, ही कल्पना त्यांना ऐरावतापुढे फारच फिकी वाटली.

मी तरी त्यांना कोणत्या तोंडाने हसू? माझे आडनाव चिंतलवार. आमच्या घरात लहानपणापासून असे सांगत की, कळंबच्या चिंतामणीच्या उपासनेवरून आमच्या घराण्यास हे नाव पडले. यवतमाळ जिल्ह्यातील ते देवस्थान प्रसिद्ध आहे आणि आमचे वडील तेथे दर्शनालाही जात. मी तेलुगु लिहावाचावयास शिकलो तेव्हा 'चिंतल' म्हणजे 'चिंचांचे' एवढाच त्याचा अर्थ निघाला. चिंतामणीच्या जागी चिंच आली. काही दिवस मला वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. मग वाटले की, देवाच्या नावावरून आमचा पूर्वज कोण होता हे काहीच कळत नव्हते. चिंचेवरून निदान तो कोठे उभा होता ते तरी कळते.

४

गोंड समाजाच्या नावांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने समोर येतो. तेथे कुलनाम हे शेजाऱ्याने दिलेले टोपणनाव नव्हे. विवाहाचे नियम, देवांची संख्या आणि भाऊबंदकीची मर्यादा ठरविणारी ती व्यवस्था आहे. आत्राम, मडावी, मेश्राम, कुमरे, सिडाम, पेंदोर, कोडापे, कनाके ही नावे विदर्भातील वाचकाच्या परिचयाची आहेत. पैनगंगा ओलांडून तेलंगणात आले की तीच कुळे आत्रम, मडावी, मेस्रम, कुमरम, सिडम, पेंदूर, कोडप, कनक अशी लिहिली जातात. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली निजामाच्या शिपायांशी लढताना पडलेल्या भीमाचे कूळ कुमरम. यवतमाळात जन्मता तर तो शाळेच्या पटावर भीम कुमरे झाला असता! एका कुळाची दोन नावे झाली ती रक्त वेगळे झाले म्हणून नव्हे. अलीकडे तेलुगु लिहिणारा कारकून होता आणि पलीकडे मराठी लिहिणारा, म्हणून.

या कुळांचा वृत्तान्त कागदावर नव्हता. तो परधानांच्या कंठात होता. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरी वाजवून ते आपल्या यजमानकुळाच्या उत्पत्तीची, देवांची आणि स्थलांतरांची गाथा गातात. विशेष हे की, आदिलाबादेतील परधानांची घरची बोली मराठीच्या वळणाची आहे. गोंडांचा इतिहास सांभाळणाऱ्यांच्या चुलीपाशी मराठी बोलली जाते, ही गोष्ट मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी वह्या घेऊन दारोदार वंशावळ वाचून दाखवितात. येथे ती वाद्यावर गायली जाते, एवढाच भेद.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली निघाला. सेतुमाधवराव पगडी यांनी या जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम करीत असताना गोंडांचा जवळून अभ्यास केला. त्यांचे गोंडांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. उर्दू कवितेचे मर्मज्ञ व शिवकालाचे संशोधक म्हणून पगडींना सर्व महाराष्ट्र ओळखतो. गोंडी शिकून गोंडांशी त्यांच्या भाषेत बोलणारे पगडी मात्र आपल्या वाङ्मयेतिहासात उपेक्षितच राहिले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले, तेव्हा गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या लोकांना मराठीच्या सहवासाने तीच लिपी जवळची होती. म्हणजे गोंड मुलाचे नाव प्रथम त्याच्याच भाषेच्या पुस्तकाशेजारी लिहिले गेले ते आपल्या अक्षरांत.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेस्रम कुळाचा जो विधी होतो, तो मला कुलवृत्तान्तकारांसाठी मुद्दाम सांगावासा वाटतो. पुष्य अमावास्येच्या सुमारास कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात आणि त्या वर्षात घरात आलेल्या सुनांची देवाशी व वडीलधाऱ्यांशी 'भेट' करवितात. ही भेट झाल्याखेरीज सून पूर्णपणे कुळाची झाली असे मानीत नाहीत. आमच्या छापील वंशवृक्षात जिला जागा मिळाली नाही, तिच्यासाठी येथे सारे कूळ एकत्र जमते.

मराठी घरांतही स्त्रियांचा कुलवृत्तान्त होता. तो जात्यावर गायला गेला. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये जमविलेल्या आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी लाखाच्या संख्येने गोळा केलेल्या ओव्या पाहाव्यात. त्यांत भाऊ आहे, माहेरची वाट आहे, गावाचे नाव आहे, नदी आहे. आडनाव मात्र क्वचितच. दळणाऱ्या बाईला आपण कोण हे सांगावयास आडनावाची गरज पडली नाही.

५

आता माझ्या पणजोबांविषयी थोडे सांगतो. वैयक्तिक गोष्टीने साहित्यपत्रिकेची जागा अडवू नये हे मला मान्य आहे. परंतु सामान्य पूर्वजाचे चरित्र कोणत्या साधनांनी लिहिता येते, याचा प्रयोग मनुष्याने आपल्या घरावरच करून पाहावा हे उचित.

तेलंगणात जमिनीच्या मालकीचा आधारग्रंथ म्हणजे १९५४-५५ ची खासरा पहाणी. तीत माझ्या आजोबांचे नाव आहे आणि त्यापुढे 'वल्द' म्हणून पणजोबांचे. सरकारी कागदात पणजोबांचे अस्तित्व एवढेच : ते कोणाचे तरी बाप होते. याच्या मागे जावयाचे तर निजामी काळातील उर्दू कागद धुंडाळावे लागतात. त्या कागदांची माणूस लिहिण्याची रीत ठरलेली असे. अमुक वल्द तमुक, कौम ही, पेशा हा, साकिन मौजे अमुक. बाप, जात, धंदा आणि गाव या चार खुंट्यांवर माणूस टांगला जाई. आडनावाची पाचवी खुंटी त्यात नव्हतीच.

आजीच्या लाकडी पेटीत तळाशी एक उर्दू तमस्सुक निघाले. ते वाचण्यासाठी मला एका सेवानिवृत्त उर्दू शिक्षकांकडे तीन वेळा जावे लागले. फसली सन १३१०, म्हणजे १९००-०१. पणजोबांनी बैलजोडीसाठी साठ रुपये हाली सिक्का कर्ज घेतले, असा मजकूर. वर्ष पाहताच मला आजीचे शब्द आठवले. ती नेहमी म्हणे, "छप्पन्नात आपली गुरं गेली." विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ. आजीच्या तोंडची आठवण आणि सावकाराच्या पेटीतला कागद या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. सव्वाशे वर्षांनी त्या एका टेबलावर आल्या. गुरे मेली, म्हणून कर्ज काढले. कर्ज काढले, म्हणून कापसाच्या बंड्या हाकीत पांढरकवड्यापर्यंत जाण्याची पाळी आली. (बैलगाडीला आम्ही 'बंडी' म्हणतो, हा शब्दही तेलुगु मुलखातून नदी ओलांडून विदर्भात गेला आहे.) एवढ्या दोन पुराव्यांनी माझे पणजोबा पहिल्यांदा माणसासारखे चालूबोलू लागले.

कागदाच्या तळाशी उर्दू ओळींखाली मोडी वळणाची एक ओळ होती : 'निशाणी नांगर'. शेजारी शाईने काढलेला वेडावाकडा नांगर. अक्षरशत्रू कुणब्याने सहीच्या जागी नांगर काढावा, बाईने बांगडी काढावी, वाण्याने तराजू काढावा, ही जुन्या दस्तऐवजांतील सर्वपरिचित रीत आहे. ती मी पुस्तकांत अनेकदा वाचली होती. परंतु आपल्या पणजोबांच्या हातचा नांगर पाहताना ती रीत राहिली नाही. त्यांनी या जगात स्वतःच्या हाताने कागदावर ठेवलेली ती एकमेव खूण होती.

त्या तमस्सुकात 'चिंतलवार' हा शब्द कोठेही नाही. तो प्रथम आढळतो माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल-खारीज वहीत. लोकांच्या तोंडी तो आधी असेलही. पण कागदावर तो एका शिक्षकाने आणला. ज्या नावाने मी पणजोबांना शोधीत होतो, त्या नावाने त्यांनी कधी सही केली नाही, कारण सहीच केली नाही. यावरून काढावयाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. आडनाव हा वंशाचा दाखला नव्हे. ती लेखणीची खूण होय. कोणत्या भाषेच्या, कोणत्या कचेरीच्या लेखणीने आपल्या पूर्वजाला प्रथम गाठले, एवढेच ते खात्रीने सांगते. त्यापलीकडचे जीवन शोधावयाचे तर कर्ज, दुष्काळ, जनावरे, पेशा, वाट आणि घरातील बायकांच्या आठवणी यांकडेच वळावे लागते.

६

येथवरचा विचार केवळ जिज्ञासेचा वाटेल, परंतु या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही.

शाळेच्या वहीने नाव घडते, याचे सर्वांत थोर उदाहरण आपणा सर्वांस माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी यांचे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या नावाचे पुढे काय झाले हे जग जाणते. परंतु सगळ्याच नोंदींचे भाग्य असे नसते.

मी नवा शिक्षक असताना पैनगंगेकाठच्या एका गावी एक सालगडी आपल्या मुलाला घेऊन आला. मुलाचे नाव विचारले, बापाचे विचारले, आडनाव विचारले. तो म्हणाला, "आमी वणीकडचे जी गुरुजी. आडनाव काय लिवाचं ते तुमीच लिवा." माझ्यापुढे आणखी मुले उभी होती. मी 'वणीकर' लिहिले. मला ते चांगले मराठी, रुबाबदार आडनाव वाटले; त्याचा थोडा अभिमानही वाटला असेल. सुमारे पंचवीस वर्षांनी तो मुलगा स्वतःच्या मुलाला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तो आता नदीपलीकडे आपल्या मूळ गावी राहावयास गेला होता. जातीच्या दाखल्यासाठी त्याने अर्ज केला होता. सख्ख्या चुलत्यांचे आणि आजोबांचे आडनाव वेगळे, याचे वेगळे. नाते सिद्ध होत नाही म्हणून अर्ज परत आला होता. "गुरुजी, हे नाव कोनी देल्लं, तुमाले आठवते काय?" असे त्याने विचारले. त्याच्या स्वरात राग नव्हता. मी वही काढली. अक्षर माझेच होते.

जुन्या नोंदींना आज जे महत्त्व आले आहे ते वाचकांस ठाऊक आहे. महाराष्ट्रात जातपडताळणीच्या वेळी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांपूर्वीच्या शालेय नोंदींना विशेष वजन असते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधावयास प्रारंभ केला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची दारे जी माणसे आज ठोठावीत आहेत, ती थोर पूर्वजाच्या शोधात निघालेली नाहीत. पणजोबाच्या नावापुढे कारकुनाने कोणता शब्द लिहिला, एवढेच त्यांना हवे आहे. सामान्य पूर्वज शोधणे हा आता फावल्या वेळचा छंद राहिलेला नाही.

७

मग सामान्य पूर्वजाच्या चरित्राचा आदर्श मराठीत कोठे आहे? माझ्या मते तो कुलवृत्तान्तांत नाही. पण मराठीत निश्चित आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. आपण तो सत्तावन्नच्या बंडासाठी वाचतो. मला त्याचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावयास निघालेला एक गरीब भिक्षुक आपल्या कर्जासह, भीतीसह व भुकेसह त्यात उभा आहे. ना. गो. चापेकर यांच्या 'बदलापूर'ने (१९३३) एका गावातील सर्व जातींच्या माणसांचे घर, मजुरी, जेवण व चालीरीती नोंदवून दाखविल्या. तो ग्रंथ म्हणजे एका संपूर्ण गावाचा कुलवृत्तान्तच होय. आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१), नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकांना आपण दलित आत्मकथने म्हणून एका कप्प्यात ठेवून दिले. वस्तुतः कुलवृत्तान्ताचा मराठीतील खरा विकास तोच आहे. तराळकी हे काम, बलुते हा हक्क आणि अवहेलना, बापाची मजुरी यांची नावे त्यांनी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर लिहिली. मूळपुरुषाचा शौर्याध्याय जेथे असावयाचा, तेथे त्यांनी बापाचे काम ठेवले.

या पुस्तकांच्या तुलनेत पाहिले म्हणजे पुढील वंशेतिहासकारांकडून काय अपेक्षावे हे सांगता येते. पूर्वजाने पोट कसे भरले ते त्यांनी प्रथम सांगावे. घरात आलेल्या प्रत्येक स्त्रीचे गाव व माहेर लिहावे. आडनावाची व्युत्पत्ती सांगताना शेजारच्या भाषेचे दार आधी ठोठावावे आणि संस्कृताकडे मागाहून जावे. आणि पुरावा संपेल तेथे लेखणी थांबवावी. रिकामी जागा देवाने वा राजाने भरू नये.

त्या मुलाला मी लेखी जबाब दिला : नोंद माझ्या हातची आहे, आडनाव पालकाने सांगितलेले नसून मी लिहिलेले आहे. त्याच्या कामी तो जबाब किती पडेल हे माझ्या हाती नाही. परंतु तेव्हापासून दाखल-खारीज वहीशेजारी मी एक साधी वही ठेवली आहे. तीत सरकारी रकाने नाहीत. मुलाचे आजोबा कोठले, काय काम करीत, आईचे माहेर कोठले, घरात कोणती भाषा बोलतात, त्यांना गावात कोणत्या नावाने हाक मारतात, एवढे विचारून लिहितो. घाईच्या दिवशीही विचारतो. परवा एका कोलाम आजोबांनी आपल्या घरची हकीकत सांगता सांगता तासभर घेतला. बाहेर मुले गोंधळ घालीत होती, आणि मी लिहीत होतो. शेवटी सहीसाठी वही पुढे केली, तेव्हा त्यांनी अंगठा पुढे केला. मी म्हटले, "आजोबा, अंगठा नको. काहीतरी काढा." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि एक झाड काढले. कसले ते मी विचारले. ते म्हणाले, मोहाचे.